निळूभाऊंचा वाडा

शिरोळ तालुक्यातल्या बचत गटांच्या वतीनं आम्ही बोलतोय. चुलीपाशी असाल, गोठ्यात असाल, भांगलायला निघाला असाल, तिथंच ऐका. हातातलं काम सोडायची गरज नाही.

आज सिनेमातल्या एका माणसाबद्दल बोलायचंय. पण तो हिरो नव्हे. हिरोला हार पडतात, हिरोचं नाव पोस्टरवर मोठ्या अक्षरात असतं, शेवटी लग्न त्याचंच होतं. आम्ही बोलणार आहोत त्याच्या शेजारी किंवा समोर उभ्या राहणाऱ्या माणसाबद्दल. सिनेमावाले त्याला सहाय्यक अभिनेता म्हणतात, चरित्र अभिनेता म्हणतात. साध्या भाषेत, दुय्यम भूमिका करणारा.

निळू फुले. नाव घेतलं की वयस्कर बायकांच्या कपाळाला आठी पडते. "मेला, काय तो नजर टाकायचा!" असं अजून ऐकायला येतं. हा माणूस १३ जुलै २००९ रोजी पुण्यात वारला. त्याला इतकी वर्षं झाली तरी आपल्या बायकांचा राग गेलेला नाही. दुय्यम भूमिका करणाऱ्या नटाला याहून मोठी पावती कुठली? हिरोंची नावं आपण विसरलो, त्यांना छळणारा पाटील मात्र डोक्यात बसलाय.

आधी हे निळूभाऊ कोण होते ते बघू. त्यांचं पूर्ण नाव निळकंठ कृष्णाजी फुले. घर पुण्याचं, परिस्थिती बेताची. लहान वयातच ते पुण्याच्या सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयात माळी म्हणून कामाला लागले. पगार महिन्याला ८० रुपये. त्यातले १० रुपये ते राष्ट्र सेवा दलाला देत. ८० मधले १० म्हणजे किती, हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. आठवड्याची बचत गटात टाकताना पहिल्या वर्षी आपल्याला काय काय आवरावं लागलं, ते आपल्याला ठाऊक आहे. झाडांचं त्यांना वेड होतं, स्वतःची रोपवाटिका काढायची होती. भांडवल नव्हतं, म्हणून ते राहून गेलं. त्या काळी बचत गट असते तर महाराष्ट्र एका नटाला मुकला असता, असं आम्ही गमतीनं म्हणतो.

सेवा दलाचं कलापथक होतं. गावोगाव जायचं, गाणी म्हणायची, वग करायचा, लोकांना हसवता हसवता चार शहाणपणाच्या गोष्टी सांगायच्या. निळूभाऊंची शाळा ती. तिथून ते लोकनाट्यात आले आणि 'कथा अकलेच्या कांद्याची' या वगानं त्यांचं नाव झालं. या वगाचे दोन हजारांवर प्रयोग झाले. आता आपल्या अभिमानाची गोष्ट ऐका. हा वग लिहिणारे शंकर पाटील आपल्या शेजारच्या हातकणंगले तालुक्यातले, पट्टणकोडोलीचे. विठ्ठल बिरदेवाच्या यात्रेला आपण भंडाऱ्यात न्हाऊन येतो, तेच पट्टणकोडोली. खेड्यातला पाटील कसा बोलतो, सरपंच कसा खाकरतो, गरीब माणूस दारात उभा राहून टोपी कशी चाचपतो, हे शंकर पाटलांनी आपल्याच भागात बघितलं आणि लिहिलं. पुण्याच्या माळ्यानं ते रंगमंचावर उभं केलं.

पुढं १९६८ साली 'एक गाव बारा भानगडी' हा सिनेमा आला. दिग्दर्शक अनंत माने, लेखक पुन्हा शंकर पाटील. त्यात निळूभाऊ झेलेअण्णा झाले. तिथून त्यांच्या मागं पाटील, सरपंच, चेअरमन, सावकार यांची रांगच लागली. हिरो बदलायचा, हिरोईन बदलायची, वाडा आणि वाड्यातला माणूस तोच. ते फक्त वाईट माणूसच करायचे असं मात्र नाही. विजय तेंडुलकरांच्या 'सखाराम बाइंडर' या नाटकात १९७२ साली ते मुख्य भूमिकेत होते. नवऱ्यानं टाकलेल्या बायकांना घरात आणून ठेवणारा, त्यांच्याशी रोखठोक वागणारा माणूस. त्या नाटकाला सेन्सॉरनं किती तरी ठिकाणी कात्री लावायला सांगितली, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि निकाल नाटकाच्या बाजूनं लागला. 'सिंहासन' सिनेमात ते दिगू टिपणीस नावाचे पत्रकार होते, सगळं बघणारे आणि आतून पोळणारे. 'सारांश' या हिंदी सिनेमात ते परत पुढारी झाले. पण गावातल्या बायकांना ते लक्षात राहिले वाड्यातले.

आता आपल्या कामाचा मुद्दा. निळूभाऊंची भीती का वाटायची? आम्ही गटाच्या प्रशिक्षणात त्यांच्या सिनेमातले काही तुकडे मोबाइलवर पुन्हा बघितले आणि बायकांना विचारलं, हा माणूस नेमकं काय करतोय ते सांगा. उत्तरं ऐकण्यासारखी होती. एक म्हणाली, "हा ओरडतच नाही." खरंय. बाकीचे खलनायक डोळे वटारतात, आरडाओरडा करतात. निळूभाऊ हळू बोलतात. घोगरा, जरा ओढलेला आवाज. ज्याचा शब्द खाली पडत नाही, त्याला ओरडायची गरज काय? दुसरी म्हणाली, "बोलताना तो समोर बघत नाही, तिरका बघतो." समोरचा माणूस सरळ बघण्याच्या लायकीचा नाही, हे त्या तिरक्या नजरेतून सांगून होतं. तिसरी म्हणाली, "तो घाई करत नाही." तंबाखू मळणार, धोतराचा सोगा सावरणार, मग बोलणार. तोवर समोरचा ताटकळत उभा.

चौथी बाई थोडा वेळ गप्प होती. मग ती म्हणाली, "त्याच्याकडं बघू नका, त्याच्या भोवतीची माणसं बघा." तिनं परत तोच तुकडा लावायला सांगितला. बघितलं तर खरंच. निळूभाऊ खुर्चीत नुसते बसलेत. एक जण पिकदाणी पुढं करतोय. एक जण न सांगता दार लावतोय. एक जण हसण्यासारखं काही नसताना हसतोय. कोपऱ्यात दोघं खाली बघतायत. या सगळ्यांनी मिळून त्या माणसाला मोठा केलाय. ही माणसं काढून टाका, मग राहतो कोण? खुर्चीत बसलेला, टोपी घातलेला एक म्हातारा.

नाटकवाल्यांच्यात एक जुनी म्हण आहे. राजाचं काम राजा करत नाही, दरबारी करतात. राजा रंगमंचावर आला आणि बाकीचे वाकले, की प्रेक्षकाला कळतं हा राजा. कुणीच वाकलं नाही, तर अंगावर कितीही जर असू दे, तो राजा वाटत नाही. निळूभाऊ स्वतः दुय्यम भूमिकांतून आलेले, म्हणून त्यांना हे पक्कं ठाऊक असणार. मोठेपणा एकट्याच्या अंगात नसतो, तो भोवतीच्या वाकलेल्या मानांत असतो.

हीच गोष्ट 'सामना' सिनेमात फार नीट दिसते. जब्बार पटेलांचा हा सिनेमा, लेखन तेंडुलकरांचं, १९७५ साली बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात दाखवला गेला. निळूभाऊ त्यात हिंदुराव धोंडे पाटील आहेत, साखरेच्या जिवावर अख्खा मुलूख मुठीत ठेवणारे. आपण उसाच्या पट्ट्यात राहतो. आपल्याला कारखाना माहीत, चेअरमन माहीत, नोंद, तोड, टोळी, बिल, सगळं माहीत. कारखान्यानं या भागात पैसा आणला, शाळा आणल्या, हेही खरं. म्हणून तो सिनेमा आपल्याला जास्त कळतो. त्या गावात एक दारुडा, थकलेला मास्तर येतो. ते काम डॉ. श्रीराम लागूंनी केलंय. तो मास्तर एकच प्रश्न विचारत राहतो, मारुती कांबळे नावाच्या माणसाचं पुढं काय झालं. बाकी काही नाही. उत्तर गावात सगळ्यांना ठाऊक आहे, पण कुणी बोलत नाही. वाड्याची ताकद त्या न बोलण्यात आहे. एकानं प्रश्न विचारायचा थांबवला नाही, म्हणून शेवटी वाडा हलतो.

आता जरा अवघड विषयाकडं येतो. "बाई, वाड्यावर या." हे वाक्य नकलाकार निळूभाऊंच्या नावावर खपवतात. जत्रेत, लग्नात, गॅदरिंगला, मोबाइलवर, सगळीकडं त्याच्यावर हशा असतो. हसायला हरकत नाही. पण ज्या बाईला खरोखर असा निरोप येतो, तिला ते ऐकताना काय वाटत असेल?

आमच्या एका गटातली गोष्ट सांगतो. नाव, गाव काही सांगणार नाही. मासिक बैठकीत एक सदस्य म्हणाली, "सोमवारपासून त्या शेतात मी भांगलायला जाणार नाही." का, ते सांगेना. तेवढ्यात कुणीतरी घोगऱ्या आवाजात ते वाड्यावरचं वाक्य टाकलं आणि खोलीत हशा पिकला. त्या बाईनं हप्ता ठेवला, वहीवर सही केली आणि ती उठली. तिच्या मागोमाग एक वयस्कर मावशी उठल्या. दारातच तिला गाठून, बाहेरच्या कट्ट्यावर बसून त्यांनी विचारून घेतलं. आठवड्याचा पगार न्यायला तिनं एकटीनं, दिवस मावळल्यावर, मळ्यातल्या मोटरीच्या खोलीवर यावं, असा निरोप होता. म्हणजे बघा, आजकाल वाड्याला चौक आणि तुळया असाव्या लागत नाहीत. पत्र्याची खोली पुरते.

बाजारच्या दिवशी सकाळी, उजेडात, आमच्यातल्या पाच जणी तिच्याबरोबर त्या माणसाच्या घरी गेल्या. मावशी म्हणाल्या, "मालक, हिचे सहा दिवसांचे पैसे राहिलेत." मालक हळू आवाजात म्हणाले, "एवढ्यांचं काय काम होतं? तिला पाठवा सावकाश." यावर कुणी काही बोललं नाही. कुणी भांडलं नाही, शिवी दिली नाही. फक्त एकही जण जागची हलली नाही आणि कुणी मान खाली घातली नाही. मालकांची म्हातारी आई ओसरीवर येऊन बघत उभी राहिली. थोड्या वेळानं ते आत गेले आणि पैसे मोजून घेऊन आले. त्या बाईला पुढं तक्रार करायची नव्हती, तो तिचा निर्णय होता. आता ती दुसऱ्या टोळीबरोबर कामाला जाते आणि पगार सगळ्या जणी मिळून आणतात.

त्या पाच जणींनी काय केलं? एक शब्दही न बोलता दुय्यम भूमिका केली. बोलल्या एकट्या मावशी. पण बाकीच्या नसत्या तर मावशींच्या बोलण्याला वजन आलं असतं का? नाटकात दरबारी वाकले की राजा होतो. इथं दरबारी वाकले नाहीत.

एखादीला तक्रार करायची असेल तर वाट कुठली, तेही सांगतो. कामाच्या ठिकाणी बाईला त्रास होऊ नये म्हणून २०१३ चा कायदा आहे. तो फक्त ऑफिसातल्या बायकांसाठी नाही. शेतमजूर, घरकामवाली, छोट्या कारखान्यातली बाई, सगळ्यांना तो लागू आहे. जिथं दहापेक्षा कमी माणसं कामाला आहेत, किंवा तक्रार मालकाविरुद्धच आहे, तिथं जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडं जायचं. तक्रार तीन महिन्यांच्या आत, लेखी द्यायची. बाईला लिहिता येत नसेल तर समितीनं मदत करायची, असं कायद्यातच आहे. तातडीची मदत हवी असेल तर महिला हेल्पलाइन १८१ आणि पोलिसांसाठी ११२ हे नंबर गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

आता थोडं ग्रामसभेविषयी, कारण दुय्यम भूमिकेची खरी ताकद आपल्याच तालुक्यानं तिथं दाखवलीय. मे २०२२ मध्ये हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, जोडवी आणि मंगळसूत्र काढून घ्यायचं नाही. राजर्षी शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीचं ते वर्ष. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून इतर गावांनाही हेरवाडचा आदर्श घ्यायला सांगितलं. त्या ठरावाच्या सूचक एक बाई होत्या आणि अनुमोदकही बाईच.

अनुमोदक. हा शब्द आपण वहीत कितीदा लिहितो! सूचक अमुक, अनुमोदक तमुक. आपल्याला वाटतं तो नुसता रकाना भरायचा असतो. तसं नाही. सूचकानं मांडलं आणि अनुमोदन मिळालं नाही, तर मांडणारी एकटी पडते. एकटीचं बोलणं हे गाऱ्हाणं असतं, दुसरीनं उठून "माझं अनुमोदन आहे" म्हटलं की त्याचा ठराव होतो. गावच्या कामात याहून मोठी दुय्यम भूमिका नाही. आणि ती करायला भाषण यावं लागत नाही, इंग्रजी यावं लागत नाही. उठून उभं राहावं लागतं.

कायदा आपल्या बाजूला आहे. ग्रामपंचायतीत निम्म्या जागा बायकांच्या आहेत. ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची, असं कायद्यात आहे. ग्रामसभेला गणपूर्ती म्हणजे मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यातली जी संख्या कमी असेल तेवढी हजेरी. एका ग्रामसंघात दहा गट धरा, एका गटात दहा जणी. झाल्या की शंभर! तरीही काही ठिकाणी सरपंचबाई घरात आणि खुर्चीत त्यांचे यजमान. तिथंही तेच बघा. त्यांना खुर्चीत कोण बसवतं? समोर सतरंजीवर बसून काही न बोलणारे आपणच.

शेवटी पुन्हा निळूभाऊंकडं येऊ. ते सांगत की गावात गेल्यावर बायका त्यांना शिव्या द्यायच्या आणि त्या शिव्या त्यांना बक्षिसासारख्या वाटायच्या. १९९१ साली त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला, तोही मानाचाच. पण वाड्याचा राग बायकांच्या पोटात पेटता ठेवणं, हे त्यांनी केलेलं मोठं काम, असं आम्हाला वाटतं. पडद्याबाहेरचा हा माणूस साधा, मृदू बोलणारा, वाचणारा. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात ते होते. डॉ. लागूंसारख्या मित्रांबरोबर त्यांनी गावोगाव 'लग्नाची बेडी' नाटकाचे प्रयोग केले आणि तो पैसा सामाजिक कृतज्ञता निधीत घातला. चळवळीत पूर्ण वेळ काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या घरची चूल पेटती राहावी, म्हणून हा निधी. तिथंही भूमिका दुय्यमच. काम करणारा पुढं, आपण त्याच्या पाठीशी. ८० रुपयांतले १० देणारा माळी शेवटपर्यंत तसाच राहिला.

तर पुढच्या मासिक बैठकीत एक काम करा. हप्ते घेऊन झाले, वही लिहून झाली, की दहा मिनिटं ठेवा. आपल्या गावचा एकच प्रश्न निवडा. पाण्याची टाकी असू दे, पुरात पडलेल्या घराचा पंचनामा असू दे, दारूचं दुकान असू दे, रोजंदारी असू दे. तो येत्या महिला सभेत कोण मांडणार ते ठरवा. मग त्याच्याखाली दुसरं नाव लिहा, अनुमोदन कोण देणार त्याचं. आणि बाकीच्यांनीही आपलं काम ठरवून घ्या. कोण शेजारी बसणार, कोण मांडणारीच्या लेकरांना सांभाळणार, कोण सभेचं इतिवृत्त नीट लिहिलं का ते बघणार. आणि ती बोलत असताना समोरून कुणी हळू, घोगऱ्या आवाजात काही म्हणालं, तर सगळ्यांनी मान वर ठेवायची, एवढं आधीच ठरवून जा.

आमचं बोलणं इथं संपवतो. तुमच्या गावात काय ठरलं ते पुढच्या ग्रामसंघाच्या बैठकीत सांगा, आम्ही ते याच रेडिओवरून सगळ्यांना ऐकवू.